वेगवान यंत्रास अधिक बळाचे इंजिन

बेंगळुरू शहरात कस्तुरबा मार्गावर सर विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय आहे. त्याच्या आवारात टोकदार नाकाचे, मागे कललेल्या पंखांचे एक सडपातळ लढाऊ विमान उभे आहे. मुंबईच्या वाचकांनी त्याचेच एक भावंड वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहिले असेल. विमानाचे नाव ‘मरुत’. सहलीला आलेली मुले त्याच्याभोवती जमतात आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे किती वेगाने उडत असे? या प्रश्नाचे उत्तर जरा अवघड आहे. कारण रचनाकारांनी ज्या वेगासाठी ते आखले होते, तो वेग त्याला कधीच मिळाला नाही. ‘इंजिन कमी पडले’ असे एका वाक्यात सांगण्याचा प्रघात आहे. ते खोटे नाही. परंतु ते ऐकल्यावर साहजिकच मनात येते की, मग मोठे इंजिन का बसविले नाही? बसविण्याचा प्रयत्न झाला. त्या प्रयत्नाची हकीकत समजण्यासाठी मात्र आधी विमानाहून अधिक परिचयाच्या यंत्राकडे, म्हणजे मोटारीकडे वळले पाहिजे.

जुन्या धाटणीच्या शर्यतीच्या मोटारी जपणारे हौशी लोक आपल्याकडेही आहेत. अशी एखादी दोन आसनांची, हलकी, देखणी मोटार हाती आली की काही दिवसांनी मालकाला तिचे इंजिन दुबळे वाटू लागते. तो टप उघडून फूटपट्टीने जागा मोजतो. नवे, दुप्पट ताकदीचे इंजिन त्या जागेत मावते, असे दिसताच त्याला काम झाल्यासारखे वाटते. वास्तविक ते तेथे सुरू होते.

इंजिनात उत्पन्न झालेले बळ चाकापर्यंत कसे जाते ते पाहू. इंजिनाचा दंड फिरतो, म्हणजे तो पुढच्या भागाला पीळ देतो. ओला पंचा पिळताना दोन्ही हातांनी आपण जे करतो, तेच हे. कारखान्यातील लोक यास टॉर्क म्हणतात. या पुस्तिकेत आम्ही ‘पीळ’ हा घरचाच शब्द वापरला आहे. हा पीळ प्रथम क्लचमधून जातो. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबून धरलेल्या तबकड्या. त्या घर्षणाच्या जोरावर एकत्र फिरतात. तेथून तो गिअरपेटीत, गिअरपेटीतून गाडीच्या पोटाखालील लांब दंडात, त्या दंडातून मागच्या डिफरन्शिअलमध्ये आणि शेवटी दोन अर्ध्या आसांवाटे मागील दोन चाकांत उतरतो. वाटेत गिअरपेटी आणि डिफरन्शिअल त्याची गती कमी करतात. पण गती जितक्या पटीने घटते तितक्याच पटीने पीळ वाढतो.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. इंजिनाचा पीळ १० किलोग्रॅम-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन पट होतो, डिफरन्शिअलमध्ये आणखी चार पट. म्हणजे एकूण चौदा पट. दोन्ही आसांवर मिळून १४० किलोग्रॅम-मीटर आणि एकेका आसावर ७०. आता इंजिन दुप्पट पिळाचे बसविले, तर प्रत्येक आसावर १४० येतील. इंजिनापाशी दहाचे वीस झाले एवढेच दिसते. परंतु गाडीच्या मागच्या टोकाला, जेथे कोणी पाहत नाही, तेथे प्रत्येक आसावर सत्तर किलोग्रॅम-मीटरची भर पडलेली असते.

गोल दंडाची पीळ सोसण्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून दुप्पट पीळ सोसण्यास दुप्पट जाड दंड लागत नाही. सव्वापटीहून किंचित अधिक पुरतो. पंचवीस मिलिमीटरचा आस साडेएकतीस मिलिमीटरचा केला की काम भागते. हे ऐकून हायसे वाटते खरे. पण जाड आस जुन्या बेअरिंगच्या भोकातून जात नाही. बेअरिंग मोठे केले तर त्याचे घर मोठे करावे लागते. घर मोठे केले तर डिफरन्शिअलचे कवच बदलावे लागते. शिवाय दातेरी चाकांच्या दातांवरील भार आसाची जाडी वाढवून कमी होत नाही, त्याला रुंद दातच हवेत. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्याची पाळी येते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पुष्कळदा मोठे इंजिन बसविल्यावरही प्रारंभी काही मोडत नाही आणि मालक निश्चिंत होतो. याचे श्रेय जुन्या, अरुंद टायरांना असते. पीळ फार झाला की टायर रस्त्यावर घसरतो आणि जास्तीचे बळ रबर जाळण्यात खर्ची पडते. घरातील विजेच्या फ्यूजप्रमाणे तो टायर स्वतः हार मानून पुढचे नुकसान टाळीत असतो. मग मालक चिडून रुंद, चिकट टायर घालतो. आता टायर घसरत नाही, क्लच झटक्याने सुटतो, आणि चौकात सिग्नल हिरवा होताच मागून ‘कट्’ असा आवाज येतो. आस तुटला तो इंजिनामुळे नव्हे, टायरामुळे, असे मालक म्हणतो. आणि अर्ध्या अर्थाने ते बरोबरही असते.

जगातील प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील ‘एसी एस’ या मोटारीचे. तिच्यात दोन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. १९५९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या दोघा चालकांपैकी एक, अमेरिकेचे कॅरोल शेल्बी, यांनी १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरांचे, सव्वाचार लिटरचे इंजिन बसविले आणि ‘कोब्रा’ जन्मास आली. परंतु इंजिनाबरोबर गिअरपेटी बदलली आणि जुना डिफरन्शिअल काढून त्याच्या जागी जग्वारच्या ई-टाइप मोटारीत वापरला जाई तशा दणकट बनावटीचा बसवावा लागला. पुढे १९६५ मध्ये सात लिटरचे इंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा तर गाडीचा सांगाडाही अपुरा पडला. तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची नळ्या आल्या, पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या आल्या. नाव तेच राहिले, बाह्य रूपही बरेचसे तेच. आतली गाडी मात्र दुसरी झाली होती. ब्रेकांविषयी वेगळे सांगावयास नको : ताशी १०० किलोमीटरऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार थांबविताना ब्रेकांना जवळजवळ दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. आपल्याकडे नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून इंजिन बदलणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास मान्य नाही, त्यामागे केवळ कागदी कटकट आहे असे कोणी समजू नये.

आता विमानाकडे येऊ. जेट विमानात क्लच नाही, गिअरपेटीतून चाकाकडे जाणारा दंड नाही. मग इंजिनाचे बळ कोणत्या साखळीतून वाहते? ती साखळी हवेची असते. विमानाच्या बाजूंना असलेल्या श्वासमुखांतून हवा आत शिरते, नळीतून इंजिनाकडे जाते, तेथे दाबली जाते, इंधनाने तापते, टरबाइन फिरविते आणि शेपटीकडील झोतमुखातून अतिवेगाने बाहेर पडते. हवेला मागे लोटल्याबद्दल विमानास पुढे जो ढकल मिळतो त्यास ‘रेटा’ म्हणू. गर्दीत मागचा माणूस पुढच्याला देतो तोच हा शब्द. मरुतमध्ये दोन इंजिने होती, आणि त्यांतील प्रत्येक दर सेकंदाला पस्तीस किलोग्रॅमच्या आसपास हवा ओढून घेई. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतील सारी हवा एका सेकंदात रिकामी करावयाची, असे या आकड्याचे स्वरूप आहे. श्वासमुख, नळी, झोतमुख आणि त्यांना वेढून असलेले विमानाचे धड हीच येथे क्लच, गिअरपेटी आणि आस यांच्या जागी आहेत. यांतील एकही भाग अरुंद पडला तर पुढचे इंजिन कितीही बलवान असून उपयोग नाही. आणि एखादा भाग फुगवावा लागला तर बाहेरून वाहणारी हवा त्याचा हिशेब मागते.

मरुतचे मुख्य रचनाकार कुर्ट टांक यांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे फोके-वुल्फ १९० हे विमान त्यांचेच. त्याचे मूळ इंजिन आखूड, गोलाकार मांडणीच्या सिलिंडरांचे होते. युद्धाच्या उत्तरार्धात त्याऐवजी लांबट इंजिन बसविले, तेव्हा विमानाचे नाक पुढे वाढले आणि तोल बिघडू लागला. टांक यांनी शेपटीच्या पुढे धडात अर्ध्या मीटरचा एक नवा तुकडा घातला आणि तोल सावरला. पुढे जड झाले म्हणून मागे लांब करावे लागले. सुताराला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

१९५६ साली टांक बेंगळुरूस आले. त्यांच्याबरोबर जर्मन अभियंत्यांची एक लहान तुकडी होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत, जी १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून ओळखली जाते, त्यांना अगदी कोरी पाटी मिळाली असे मात्र नव्हे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी तेथे विमानरचनेचा पाया आधीच घातला होता. मराठी घरातून आलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे विख्यात शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले होते, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एच्‌टी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले होते. पण पंख्याच्या लहान विमानावरून ध्वनीहून वेगवान लढाऊ विमानाकडे जाणे ही फार मोठी उडी होती. हवाई दलाची अपेक्षा होती ध्वनीच्या दुप्पट वेगाची.

नव्या विमानाचे आकारमान ज्या इंजिनाला धरून ठरविले गेले ते इंजिन त्या वेळी कागदावर आणि परीक्षणमंचावर होते. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीचे ते ‘ऑर्फियस १२’. प्रत्येकी सुमारे ३,०९० किलोग्रॅम रेटा, आणि शेपटीत जादा इंधन जाळल्यास सुमारे ३,७०० किलोग्रॅम, असे त्याचे वचन होते. ते इंजिन पूर्णत्वास गेलेच नाही. युरोपातील ज्या हलक्या लढाऊ विमानासाठी त्याचा विकास चालला होता त्या योजनेचा आधार सुटला. उरलेला खर्च भारताने उचलावा असा प्रस्ताव आला, आणि आपल्या सरकारने तो स्वीकारला नाही. त्या काळची परकीय चलनाची चणचण लक्षात घेता या नकारावर आज घरी बसून टीका करणे सोपे आहे. तथापि मरुतच्या पुढील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे, हेही नाकारता येत नाही. हाताशी राहिले ते त्याच घराण्यातील धाकटे भावंड, ‘ऑर्फियस ७०३’. त्याचा रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम.

बाह्य भारांशिवाय उड्डाण करताना मरुतचे वजन सुमारे ८,९५० किलोग्रॅम भरे. दोन लहान इंजिनांचा रेटा ४,४०० किलोग्रॅम, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून थोडा कमी. ठरलेली मोठी इंजिने मिळती, तर तो ७,४०० किलोग्रॅम झाला असता, म्हणजे वजनाच्या पाच षष्ठांशाजवळ. मोटारीच्या हौशी मालकाची स्थिती येथे नेमकी उलटी होती. त्याच्याजवळ मोठे इंजिन असते आणि गाडी दुबळी असते. येथे देह बलवान इंजिनासाठी घडलेला होता आणि आत बसले होते लहान इंजिन.

तरीही काम थांबले नाही. १९५९ मध्ये त्याच आकाराचे एक लाकडी ग्लायडर करून ते डाकोटा विमानामागे ओढून उडविण्यात आले आणि त्यावरून आकाराचे गुणदोष तपासले गेले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले मरुत बेंगळुरूच्या आकाशात नेले. विमान हाताळण्यास गोड होते, याविषयी पुढे ते चालविणाऱ्यांत दुमत आढळत नाही. उणीव होती ती रेट्याची.

वेग का अडतो, हे थोडे नीट समजून घ्यावयास हवे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो : वेग दुप्पट, तर रोध चौपट. हे झाले साध्या वेगाचे. परंतु विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचू लागले की हवेचे वागणे बदलते. विमान येत असल्याची सूचना हवेत ध्वनीच्या वेगानेच पुढे पसरत असते. जमिनीलगत हा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, उंचावरील थंड हवेत तो १,०६० च्या आसपास येतो. विमानच जर त्या वेगाने येऊ लागले, तर पुढच्या हवेला बाजूला सरण्यास अवधी मिळत नाही. ती कोंडते आणि धक्कातरंग उठतात. अरुंद वेगपट्ट्यात रोध इतका चढतो की आलेखावर तो टेकडीसारखा दिसतो. टेकडी ओलांडल्यावर पलीकडे चढ पुन्हा सौम्य होतो. परंतु ओलांडण्यापुरता रेटा हवा. घाटात ट्रक पहिल्या गिअरमध्येही पुढे सरकेना, तर माथ्यापलीकडचा सपाट रस्ता त्याच्या काय कामाचा? मरुतची गाडी अशी घाटात, ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्यावर, येऊन ठेपली.

बाहेरून दुसरे इंजिन मिळविण्याची खटपट दोन-तीन दिशांनी झाली. रशियन इंजिनाचा विचार होऊन तो सोडण्यात आला. ईजिप्तमध्ये त्या सुमारास ऑस्ट्रियाचे अभियंते फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० नावाचे इंजिन तयार करीत होते. त्याच्या चाचणीसाठी १९६६ मध्ये एक मरुत तिकडे पाठविण्यात आले, आणि १९६७ च्या मार्चमध्ये ते एका बाजूस ई-३०० व दुसऱ्या बाजूस जुने ऑर्फियस अशा विजोड जोडीने उडाले. दोन असमान बैल जुंपलेल्या गाडीसारखे ते विमान एका अंगाला वळू पाहत असणार, हे शेतकरी कुटुंबातील मुलांना समजावून द्यावयास नको. १९६९ मध्ये ईजिप्तची ती योजनाच बंद पडली.

उरला एक मार्ग : असलेल्या इंजिनातूनच अधिक रेटा काढावयाचा. हे काम बेंगळुरूच्याच वायू टरबाइन संशोधन संस्थेने हाती घेतले. यासाठी योजिलेल्या युक्तीस पश्चज्वलन म्हणतात. जेट इंजिनात शिरलेल्या हवेतील प्राणवायूचा फार मोठा भाग न जळता तसाच मागे जातो. कारण सर्व प्राणवायू वापरून आग पेटविली, तर टरबाइनची पाती त्या उष्णतेत टिकणार नाहीत. मग टरबाइनच्या मागे, जेथे फिरती पाती नाहीत, तेथे त्या उरलेल्या प्राणवायूत पुन्हा इंधन फवारून जाळले तर? वायू तापतो, फुगतो, अधिक वेगाने बाहेर पडतो आणि रेटा वाढतो. इंधन अफाट जळते, म्हणून हा उपाय काही मिनिटांपुरताच करावयाचा असतो. उड्डाण करताना किंवा ती रोधाची टेकडी चढताना तो उपयोगी पडतो.

युक्ती ऐकावयास सोपी आहे. पण फुगलेल्या वायूला बाहेर पडावयास अधिक मोठे तोंड लागते. तोंड जुनेच ठेवले तर वायू मागे तुंबतो, दाब टरबाइनवर उलटा येतो आणि इंजिन गुदमरते. म्हणून झोतमुख आवश्यकतेप्रमाणे उघडणारे आणि मिटणारे करावे लागते. आग नीट पेटण्यास नळी अधिक लांब व रुंद लागते. तिच्याभोवती थंड हवेचा पदर खेळवावा लागतो, नाही तर शेपटीचे धातू नरम पडतील. एवढे सगळे मावण्यासाठी विमानाची शेपटी जाड करावी लागते. मोटारीच्या गोष्टीतील जाड आस आणि अरुंद बेअरिंग वाचकांस आठवत असेल. येथे शेपटी हेच ते बेअरिंगचे घर.

जाड शेपटीचा तोटा समजण्यासाठी विमानशाळेत जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून एस. टी. ची गाडी गेली की तिच्या सपाट पाठीमागे धूळ कशी गरगरत गाडीच्याच मागे ओढली जाते, ते पाहावे. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, आणि ती उणीव गाडीला मागे खेचते. विमानाचे धड मागे निमुळते होत गेले तर हवा हळूहळू मिटते; ते बोथट राहिले तर मागे पोकळी निर्माण होते. पश्चज्वलनासाठी फुगविलेल्या शेपटीने मरुतला हाच अडथळा केला. रेटा प्रत्येक इंजिनामागे सुमारे २,२०० वरून २,६०० किलोग्रॅमच्या घरात, म्हणजे जवळजवळ अठरा टक्क्यांनी वाढला. परंतु त्या वाढीतील मोठा वाटा बोथट शेपटीच्या रोधाने परत घेतला. जे एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले.

१० जानेवारी १९७० रोजी पश्चज्वलन बसविलेले हे मरुत बेंगळुरू येथे उड्डाण करताच कोसळले. ते चालवीत होते ग्रुप कॅप्टन सुरंजन दास, साडेआठ वर्षांपूर्वी पहिले मरुत उडविणारे तेच. ते वाचले नाहीत. जुना मद्रास रस्ता आणि विमानतळाचा जुना रस्ता यांना जोडणाऱ्या बेंगळुरूतील रस्त्यास आज त्यांचे नाव आहे. तेथून दररोज हजारो माणसे जातात. परीक्षण वैमानिकाचे काम या पुस्तिकेत अन्यत्र कोठे आले नाही, म्हणून येथे सांगतो : गणित आणि नमुने यांनी जेथवर नेता येते तेथवर अभियंता नेतो, आणि उरलेले अंतर हा एकटा माणूस आत बसून मोजतो. इंजिन, शेपटी, इंधन, तोल यांपैकी एकही नवा असला तरी त्याचे काम अवघड. येथे कित्येक गोष्टी एकदम नव्या होत्या.

यानंतर मरुतला मोठे बळ देण्याच्या योजनांत जोर राहिला नाही. लहान इंजिनांसह एकूण १४७ मरुत तयार झाली आणि १९६७ पासून हवाई दलात आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थान आणि सिंधच्या सीमेवर त्यांनी जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले केले. खालच्या माऱ्याने एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्या इंजिनावर विमान सुखरूप परत आल्याचे प्रसंगही घडले. तेव्हा दोन लहान इंजिनांचा निदान एक लाभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९९० पर्यंत मरुत सेवेतून निघून गेली होती.

याच कारखान्यात इंजिनबदलाचे एक काम मात्र नीट साधले. ‘किरण’ हे वैमानिकांना जेट विमान शिकविण्यासाठी केलेले विमान सप्टेंबर १९६४ मध्ये प्रथम उडाले. त्यात सुमारे १,१३० किलोग्रॅम रेट्याचे ‘व्हायपर’ इंजिन होते. पुढे शस्त्रांचा सराव देण्यासाठी अधिक भार उचलण्याची गरज पडली, तेव्हा त्यात ऑर्फियस बसवून ‘किरण मार्क २’ करण्यात आले. ते जुलै १९७६ मध्ये उडाले. येथे रेटा अर्ध्याहून अधिक वाढला, तरी अडचण आली नाही. एक तर किरण ध्वनीच्या वेगापासून फार खाली उडते. त्याला ती टेकडी चढावयाचीच नाही. दुसरे, पश्चज्वलन नसल्याने शेपटी फुगवावी लागली नाही. आणि तिसरे, वाढलेल्या वजनासाठी रचना आधी दुरुस्त करून घेतली. रिकाम्या विमानाचे वजन चारशेहून अधिक किलोग्रॅमने वाढले आहे. म्हणजे जादा रेट्यातला काही वाटा स्वतःचाच भार वाहण्यात जातो, आणि हे धरूनच हिशेब मांडला होता. माझ्या मते मरुत आणि किरण यांची प्रकरणे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

बेंगळुरूमध्ये हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो ‘तेजस’च्या निमित्ताने. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर प्रथम उडाले. त्याच्यासाठी बेंगळुरूच्या वायू टरबाइन संस्थेत जे ‘कावेरी’ इंजिन घडविले जात होते ते वेळेवर तयार न झाल्याने २००८ मध्ये दोन्ही कामे वेगळी करण्यात आली. पुढील आवृत्तीसाठी २०१० मध्ये त्याच अमेरिकन घराण्यातील थोरले एफ-४१४ निवडले गेले. त्याचा रेटा सुमारे एक सप्तमांशाने अधिक आहे. पण त्याला हवाही अधिक लागते, म्हणून श्वासमुखे वाढली. इंधन अधिक लागते, म्हणून टाक्या वाढल्या. पहिल्या तेजसची लांबी १३.२ मीटर आहे. मार्क २ च्या आराखड्यात ती १४.६ मीटर झाली.

संग्रहालयात जाल तेव्हा मरुतच्या नाकापाशी फार वेळ थांबू नये; सगळे छायाचित्र तेथेच काढतात. चालत मागे जावे. शेपटीखाली शेजारी शेजारी दोन गोल तोंडे दिसतील. त्यांच्या कडा साध्या आहेत. उघडझाप करणाऱ्या पाकळ्या तेथे नाहीत. धड तेथे किती झपाट्याने निमुळते होत गेले आहे ते बाजूला उभे राहून पाहावे, आणि पश्चज्वलनाची लांब, रुंद नळी त्यात कोठे मावली असती, याचा अंदाज हाताने करून पाहावा.